ताक, घड्याळ आणि गेटबाहेरची टपरी

तब्येतीच्या नावाखाली सध्या आपल्या वयाच्या मुलामुलींना दोन गोष्टी जोरात विकल्या जातायत. एक म्हणजे ‘चांगले’ जिवाणू. दुसरी, मनगटावर बसून हृदयावर पहारा देणारं घड्याळ. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत अर्धा तास बसून बघा. कितीतरी मनगटांवर हिरवा दिवा लुकलुकत असतो. आणि प्रोबायोटिक हा शब्द आता पोटापुरता राहिलेला नाही, तो तोंडापर्यंत आलाय. दातांसाठी प्रोबायोटिक गोळ्या, प्रोबायोटिक टूथपेस्ट, आणि ‘रोज दही खा, डेंटिस्टला विसरा’ सांगणारे रील्स.

तुम्ही यावर पैसे घालवू नका, असं मी म्हणत नाहीये. दही मलाही आवडतं. पण खर्च करण्याआधी एक शब्द नीट समजून घेऊ या: नॉइज.

पत्रकारितेच्या वर्गात सुरुवातीलाच एक आकृती फळ्यावर येते. क्लॉड शॅनन या इंजिनिअरने १९४८ मध्ये मांडलेली, वॉरन वीव्हरसोबतच्या १९४९ च्या पुस्तकामुळे जगभर गेलेली. एकीकडे निरोप पाठवणारा, दुसरीकडे तो घेणारा, आणि मध्ये नॉइज, म्हणजे निरोपात मिसळलेला फालतू गोंगाट. परीक्षेत पाच मार्कांना येते आणि आपण विसरतो. हीच आकृती डॉक्टरांच्या ईसीजी मशिनमध्ये अक्षरशः रोज जगली जाते.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेचा एक छोटा झटका असतो. छातीच्या कातडीवर पोहोचेपर्यंत तो साधारण एक मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग. आणि ज्या खोलीत तो मोजायचा, तिथल्या भिंतीत २३० व्होल्टची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत धावतेय. तुम्ही श्वास घेतला की आलेखाची रेघ वर-खाली झुलते. थंडीने कुडकुडलात की स्नायूंची थरथर त्यात मिसळते. चकती नीट चिकटली नाही, जेल वाळलं, छातीवर केस किंवा घाम असला, तरी रेघ बिघडते. नेदरलँड्सच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी हे यंत्र पहिल्यांदा कामाचं बनवलं. ते पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवायचे, कारण संपर्क चांगला हवा. त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. शंभर वर्षांनंतरही चांगल्या ईसीजीची पहिली अट तीच आहे: कातडी स्वच्छ, संपर्क पक्का, माणूस शांत.

मग उरलेला गोंगाट मशीन गाळतं. त्याला फिल्टर म्हणतात. आणि इथेच खरी गंमत आहे. रेघ छान गुळगुळीत दिसावी म्हणून फिल्टर कडक लावला, तर गोंगाटाबरोबर आजारही गाळला जाऊ शकतो. हार्ट अटॅकची महत्त्वाची खूण आलेखाच्या ज्या भागात दिसते, तो एसटी सेगमेंट फार सावकाश बदलणारा असतो. चुकीच्या फिल्टरने तो वाकडा होतो, किंवा नसलेला वाकडेपणा दाखवतो. म्हणूनच निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ इतकी मोकळी पट्टी ठेवतात आणि आयसीयूत नुसतं लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरवर ती ०.५ ते ४० पर्यंत आवळतात. दिसायला मॉनिटरची रेघ सुंदर. पण निदान करताना डॉक्टरला सुंदर रेघ नको असते, खरी हवी असते.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे तोंडाकडे वळल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

आपल्याच राज्यात, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं टेली-ईसीजी यंत्र बनवलंय, जे मोबाइलवरून आलेख दूरच्या डॉक्टरकडे पाठवतं. शेजारच्या गोव्यात छोट्या सरकारी दवाखान्यांतून ईसीजी गोवा मेडिकल कॉलेजशी जोडणारा प्रकल्प चालतो, म्हणजे अटॅक आलेल्या माणसाला इंजेक्शन वेळेत मिळावं. पेठ किंवा सुरगाण्याहून घाटाच्या रस्त्याने नाशिकला यायला किती वेळ लागतो, हे तिकडून येणाऱ्या वर्गमित्राला विचारा, मग अशा यंत्राची किंमत कळेल. पण यंत्र कितीही हुशार असलं, तरी पलीकडच्या डॉक्टरला मिळणारा आलेख चकत्या लावणाऱ्या हातावरच ठरतो. दोन वायरी उलट लागल्या तर निरोगी माणूस आजारी दिसतो.

आता तुमच्या घड्याळाकडे या. त्यातला हिरवा दिवा वीज मोजतच नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, आणि परत आलेल्या प्रकाशातून घड्याळ ठोके मोजतं. हात हलला की सगळं ढवळून निघतं, म्हणून आत बसवलेला सेन्सर हाताची हालचाल मोजतो आणि ती हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतो. तो प्रयत्न कधी कधी फसतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावताना घड्याळ तुमच्या पावलांचा ताल पकडून तोच ठोके म्हणून दाखवू शकतं. पट्टा सैल, हात गार, मनगटावर गडद टॅटू, यातलं काहीही असलं तरी आकडा डगमगतो. काही महागड्या घड्याळांत खराखुरा ईसीजीही असतो, बटणावर बोट ठेवून तीस सेकंद. पण त्यात एकच बाजू दिसते. हॉस्पिटलचा ईसीजी दहा चकत्या लावून बारा बाजूंनी हृदय बघतो. एका खिडकीतून अख्खं घर दिसत नाही.

मग घड्याळ बिनकामाचं आहे का? नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. त्यातल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना ‘ठोके अनियमित आहेत’ असा इशारा आला. चाळिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण ०.१६ टक्के होतं. इशारा आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तपासणी केली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. बाकीचे इशारे खोटेच होते असंही नाही, हा विकार येतो-जातो आणि पॅच काही दिवसांनी लागला होता. पण तुमच्या वयात इशारा येणंच मुळात दुर्मीळ आहे. त्यामुळे सबमिशनच्या आदल्या रात्री, चौथ्या कॉफीनंतर ठोके ११० दाखवले म्हणून गूगलवर रात्र काढू नका. आधी झोपा. आराम करतानाही ठोके सतत वाढलेले राहिले, चक्कर आली, श्वास लागला, तर डॉक्टरकडे जा.

उलटी चूक मात्र जास्त घातक. घरात कुणाच्या छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय, आणि कुणीतरी म्हणतं, “अरे, घड्याळ तर नॉर्मल दाखवतंय.” घड्याळ बनवणारी ॲपल कंपनी स्वतःच सांगते की हे उपकरण हार्ट अटॅक ओळखत नाही. अशा वेळी घड्याळ बघायचं नाही, १०८ लावायचा.

इथवर हृदय झालं. आता तोंड.

दह्याची कीर्ती जगभर पसरली त्यात रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांचा मोठा हात. १९०८ चं नोबेल मिळवलेल्या या माणसाला वाटायचं की आंबवलेल्या दुधातले जिवाणू म्हातारपण लांबवतात. आपल्याकडे आजीला हे कुणी सांगायची गरज नव्हती, जेवणाचा शेवट ताकभाताने व्हायचा. पण ‘प्रोबायोटिक’ला एक व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ती ठरवली: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात दिले, आणि त्यांनी खाणाऱ्याला फायदा झाला, तर ते प्रोबायोटिक. तिन्ही अटी लागतात. घरच्या विरजणात जिवंत जिवाणू भरपूर, पण नेमके कोणते आणि किती, हे कुणालाच ठाऊक नसतं. काटेकोर बोलायचं तर आईचं दही प्रोबायोटिक ठरत नाही. ते उत्तम अन्न ठरतं, आणि मला वाटतं एवढं पुरेसं आहे.

‘जिवंत’ या अटीवर तर आपला अर्धा मेन्यू बाद होतो. इडली-डोशाचं पीठ आंबतं, पण वाफेत आणि तव्यावर जिवाणू मरतात. उकळलेल्या कढीत तेच. जिलेबीचं पीठही आंबवलेलं असतं, म्हणून कुणी तिला प्रोबायोटिक म्हणेल तर कढईतल्या तेलाकडे बोट दाखवा. मिसळीवरचं दही तेवढं वाचतं, तेही तर्री किती गरम आहे त्यावर.

आणि दातांचं काय? इथे एक विरोधाभास आहे, जो बाटलीवर छापत नाहीत. प्रोबायोटिक म्हणून मिरवणारं मोठं घराणं म्हणजे लॅक्टोबॅसिलस. हे घराणं साखरेपासून आम्ल बनवतं. आणि दात किडतो तो आम्लानेच. तोंडाचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळायला लागतं. किडलेल्या दातांच्या खळग्यांत लॅक्टोबॅसिलस हमखास सापडतात. एकेकाळी डेंटिस्ट लाळेतले लॅक्टोबॅसिलस मोजून कोणाला कीड लागेल याचा अंदाज बांधायचे. म्हणजे जिवाणू ‘चांगला’ की ‘वाईट’ हे त्याच्या आडनावावरून कळत नाही. कोणता वाण, तोंडात किती वेळ, सोबत साखर किती, यावर ठरतं. साधं दही आंबट असूनही दातांना बाधत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. त्याच दह्यात साखर घालून लस्सी केली की हिशेब बदलतो.

या विषयावर प्रामाणिक संशोधन आहे, आणि ते दडवायचं कारण नाही. हेलसिंकीत ५९४ पाळणाघरातल्या मुलांना सात महिने दूध दिलं गेलं, काहींच्या दुधात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी नावाचा वाण होता. २००१ मध्ये निकाल आला: त्या मुलांत कीड कमी दिसली, विशेषतः तीन-चार वर्षांच्या वयात. न्यूझीलंडमध्ये शोधलेला स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हॅरिअस के१२ तोंडाच्या दुर्गंधीसाठी अभ्यासला गेला. आशा आहे. पण तुम्ही तीन वर्षांचे नाही, हेलसिंकीत नाही, आणि तुमच्या बाटलीत तोच वाण आहे का हेही तुम्ही पाहिलेलं नाही. हिरड्यांच्या आजाराबद्दल तर युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट म्हटलं की दातांच्या खोल सफाईला जोड म्हणून प्रोबायोटिक वापरू नयेत, असं आम्ही सुचवतो. पुरावा तेवढा भक्कम नाही.

म्हणून लेबल वाचा. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्रोबायोटिक पदार्थावर वाणाचं पूर्ण नाव हवं, मुदत संपेपर्यंत किती जिवंत जिवाणू राहतील तो आकडा हवा, कोणत्या तापमानात ठेवायचं तेही हवं. नुसतं ‘गुड बॅक्टेरिया’ लिहिलं असेल तर तो गोंगाट समजा. मग बाटली उलटी करून साखरेचा आकडा बघा. मे महिन्यात दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेला क्रेट दिसला, तर आतल्या जिवाणूंचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर गोळ्या-कॅप्सूलच्या रूपातले प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दातांचा खरा सिग्नल कंटाळवाणा आहे. फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली. तुमच्या ‘हर्बल’ पेस्टवर फ्लोराइड लिहिलंय का, आज रात्री बघा. आणि साखर किती खाता यापेक्षा किती वेळा खाता, ते मोजा. गोड चहाच्या प्रत्येक कपानंतर तोंड पुन्हा ताळ्यावर यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. दिवसात सहा कटिंग म्हणजे सहा वेळा आम्लाची अंघोळ.

आता ते ‘खरी रेघ’वालं वाक्य.

हिरड्यांतून रक्त येणं हा शरीराचा ईसीजी समजा. ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली की हिरडीला सूज आहे, एवढा साधा निरोप. तंबाखू हा निरोप गाळून टाकते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आतला आजार मात्र जास्त असतो. बाहेरून सगळं ठीक, आत हाड झिजतंय. इतका वाईट फिल्टर कोणत्याच मशिनमध्ये नसेल.

महाराष्ट्रात हा फिल्टर ओढण्यापेक्षा चघळला जास्त जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के. आणि दातांच्या नावाने विकली गेलेली आपल्याकडची सगळ्यात जुनी वस्तू कोणती? मशेरी. तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू, ‘दात घट्ट होतात’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हिरड्यांना चोळलेली. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला १९९२ मध्ये देशात बंदी आली, पण घरच्या तव्यावर बंदी कशी घालणार? गावी गेलात तर आजीशी, मावशीशी यावर बोला. ओरडून नको. तिला ते औषध म्हणूनच शिकवलं गेलंय, जसं आपल्याला रीलवर काहीतरी शिकवलं जातं.

तोंड आणि हृदय यांच्यातला धागाही इथेच सापडतो. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये मान्य केलं. पण हिरड्या बऱ्या केल्याने अटॅक टळतो, याचा पुरावा नाही, हेही त्याच वेळी सांगितलं. तंबाखूच्या बाबतीत एवढी कसरत करावी लागत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना पहिल्या हार्ट अटॅकचा धोका जवळपास तिप्पट आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना दुपटीहून अधिक दिसला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक आला तेव्हाचं सरासरी वय ५३ होतं, बाकीच्या देशांत ते ५८.८. ‘अजून वीस वर्षांचा तर आहे’ हे उत्तर आपल्या भागात थोडं लवकर कालबाह्य होतं.

मला राग येतो तो इथे. कोटपा कायदा २००३ पासून सांगतो की शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूची विक्री चालणार नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी, तुमचं कॉलेज कुठेही असो, गेटपासून टपरीपर्यंत चालत जा आणि पावलं मोजा. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतंच. मग तो आकडा विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत प्राचार्यांना लेखी द्या. आरोग्य विद्यापीठ ज्या शहरात आहे, जिथे दंत महाविद्यालयात मुलं हिरड्यांचे आजार शिकतात, त्या शहरातल्या कॉलेजांनी एवढं अंतर पाळून घ्यायला काय हरकत आहे? फिटनेस चॅलेंज आणि वेलनेस वीकचे बॅनर दरवर्षी लागतात, त्यातला एक दिवस या मोजणीला द्या.

आणि तुम्ही स्वतः ओढत किंवा चघळत असाल, तर घड्याळाचा एक उपयोग सांगायचा राहिला. निकोटिन शरीरात गेलं की ठोके वाढतात. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत ते उतरायला लागतात. सोडून काही आठवडे झाले की झोपेतल्या ठोक्यांचा आलेख आधीच्या महिन्याशी ताडून बघा. झोपेत हात हलत नाही, त्यामुळे हा आकडा त्यातल्या त्यात स्वच्छ असतो. सोडल्यावर हिरड्यांतून रक्त जास्त यायला लागलं तर घाबरू नका, दबलेला निरोप परत येतोय. दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊन दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे: १८००-११२-३५६. नंबर पाकिटावरही छापलेला असतो, चित्राच्या खाली.